समुद्र ‘चमकतो’ म्हणजे नक्की काय करतो? परावर्तित प्रकाशाच्या इंग्रजी शब्दांची तुलना

कोकण किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी न्याहारी-निवासाची सोय करणाऱ्या मंडळींची इंग्रजी माहितीपत्रके तपासून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे आणि त्या पत्रकांत एक वाक्य हमखास असते: ‘आमच्या पडवीतून चमकणारा समुद्र दिसतो.’ मराठीत या वाक्यात खटकण्यासारखे काही नाही. ते इंग्रजीत उतरवायला घेतले की शब्दकोश ‘चमकणे’ या एका शब्दापुढे दहा-बारा पर्याय ओळीने मांडतो, आणि लिहिणारा बहुधा त्यांतला पहिला किंवा कानाला भारदस्त वाटणारा शब्द उचलतो. एका पत्रकात तो ‘ग्लेअरिंग सी’ असा उचलला गेला होता आणि पत्रक माझ्याकडे आले तेव्हा त्याच्या पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. ग्लेअर म्हणजे डोळ्यांना खुपणारी तिरीप, आणि त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ डोळे वटारून पाहणे असा आहे. म्हणजे आमचा समुद्र तुमच्याकडे डोळे वटारून बघत असतो, असे त्या यजमानांनी आपल्या पाहुण्यांना छापील कळवले होते.

ग्लिटर, स्पार्कल, शिमर, ग्लिमर, ग्लीम, ग्लिंट, ग्लिसन, शीन, ग्लॉस, लस्टर आणि ग्लेअर यांतला कोणता शब्द कुठे बसतो हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: हे शब्द प्रकाश किती आहे यावरून निवडायचे नसतात. तो प्रकाश कशावर पडून परत येतो आहे आणि त्या क्षणी नेमके काय हलते आहे, या दोन गोष्टी पाहिल्या की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

याचे कारण दोन्ही भाषांच्या घडणीत आहे. मराठीत लखलखणे, चमचमणे, झगमगणे, झळाळणे, तळपणे, लुकलुकणे अशी क्रियापदांची रेलचेल आहे; परंतु ती मुख्यतः तेजाची मात्रा आणि त्याचा ठेका सांगतात. वीज लखलखते, तलवार लखलखते आणि दिवाळीत घासलेली भांडीही लखलखतात. ज्या वस्तूवरून उजेड येतो ती ओली आहे की कोरडी, सपाट आहे की दाणेदार, हे आपले क्रियापद सांगत नाही, ते वाक्यातल्या नामावर सोडते. तुकतुकीत आणि चकचकीत यांसारखी विशेषणे पृष्ठभागाची खबर देतात खरी, पण क्रियापदांचा कल तसा नाही. इंग्रजीत ‘ग्लिसन’ म्हटले की वस्तूचे नाव येण्याआधीच ओलावा कळतो, ‘ग्लीम’ म्हटले की घासूनपुसून केलेला गुळगुळीतपणा कळतो, आणि म्हणूनच कोरड्या वस्तूला ‘ग्लिसन’ जोडले की इंग्रजी वाचणाऱ्याला ती घामेजलेली किंवा तेलकट वाटू लागते.

एका बाबतीत मात्र दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या आहेत. प्रकाश पुन्हा पुन्हा उमटतो हे सांगायला मराठी अक्षरे दुहेरी करते: चमचम, लुकलुक, झगमग. इंग्रजी तेच काम शब्दाच्या शेपटीकडून करून घेते. शिमर, ग्लिमर, ग्लिटर, फ्लिकर यांच्या शेवटचा ‘-अर’ आणि स्पार्कल, ट्विंकल यांच्या शेवटचा ‘-ल’ हे पौनःपुन्य दाखवणारे जुने प्रत्यय आहेत. याउलट ग्लिंट आणि फ्लॅश यांना अशी शेपटी नाही. ते एकाच ठिणगीएवढे टिकतात. एवढे ध्यानात ठेवले तरी ‘समुद्र दिवसभर ग्लिंट करतो’ यासारखे वाक्य हातून सुटत नाही.

शब्दांच्या आरंभी येणाऱ्या ‘ग्ल’ या जोडाक्षराचेही कुतूहल अनेकांना असते. एकाच अर्थक्षेत्रातील शब्दांत वारंवार दिसणाऱ्या अशा ध्वनिगटाला ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० साली ‘फोनेस्थीम’ असे नाव दिले आणि प्रकाशाचा ‘ग्ल’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. यांतले बरेच शब्द ज्या आदिम धातूशी जोडले जातात, त्याच्याशीच इंग्रजीतले गोल्ड आणि यलो, संस्कृतातले हिरण्य आणि हरित, आणि हरिद्रेवरून आलेली आपल्या स्वयंपाकघरातली हळद यांचेही नाते सांगितले जाते. माहिती रंजक आहे, पण निवड करताना ती फारशी उपयोगी पडत नाही. कारण ‘ग्ल’ सगळ्यांतच आहे आणि फरक त्याच्या पुढे आहे.

समुद्राचे चार शब्द

समुद्रासाठी खरी चुरस स्पार्कल, ग्लिटर, शिमर आणि ग्लिमर या चौघांत असते. पाण्यावर उन्हाच्या टिकल्या दिसतात त्या कशा, हे आधी पाहू. पाण्याचा पृष्ठभाग वाऱ्याने चुरगळला की त्याचे असंख्य लहान उतार तयार होतात आणि प्रत्येक उतार क्षणभर छोट्या आरशासारखा वागतो. सूर्य, तो उतार आणि आपला डोळा यांचा कोन जुळला की एक टिकली लागते, लाट पुढे सरकली की ती विझते आणि शेजारी दुसरी लागते. सूर्य क्षितिजाकडे झुकतो तसा या टिकल्यांचा पट्टा लांबत जाऊन थेट आपल्या पायाशी येतो. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या दोन सागरशास्त्रज्ञांनी या पट्ट्याच्या हवाई छायाचित्रांवरून लाटांच्या उतारांचे मोजमाप केले आणि ते १९५४ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या शास्त्रात या देखाव्याचे नाव ‘सन ग्लिटर’ आहे. उपग्रहाने घेतलेल्या चित्रांत हाच प्रकाश समुद्राचा रंग झाकून टाकतो, तेव्हा त्याला ‘सन ग्लिंट’ म्हणतात. एकाच घटनेची ही दोन शास्त्रीय नावे रूढ झालेली आहेत; त्यांच्यावरून माहितीपत्रकातला शब्द ठरवायला जाऊ नये.

माहितीपत्रकासाठी माझे मत स्पार्कलच्या बाजूने आहे. स्पार्क म्हणजे ठिणगी, आणि ठिणगीचा जिवंतपणा व उत्साह त्या शब्दाला चिकटलेला आहे. बुडबुडे येणाऱ्या पेयाला स्पार्कलिंग म्हणतात ते त्याच भावनेने. ग्लिटरमध्येही तुटक ठिपकेच आहेत, किंबहुना अधिक दाट आणि अधिक तीक्ष्ण. पण त्याला थंडपणाची, कधी दिखाऊपणाची कड असते. शाळेच्या वह्या सजवायला दुकानात मिळणारी ग्लिटर, म्हणजे आपली चमकी, डोळ्यांसमोर आणावी: ती चमकते, पण तिच्यात ऊब नसते. ‘चकाकते ते सारे सोने नसते’ या म्हणीच्या इंग्रजी रूपात आज ग्लिटर आहे. जुन्या रूपात त्याच घराण्यातला ग्लिस्टर होता. समारंभ ‘ग्लिटरिंग’ असला तर ती स्तुती असते, पण हास्य ‘ग्लिटरिंग’ असले तर वाचणारा जरा सावध होतो. कथा लिहिताना ज्या समुद्राने नुकतीच होडी गिळली आहे त्या समुद्राला दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ग्लिटर द्यावा. तिथे स्पार्कल दिला तर तो लेखकाचा निष्ठुरपणा वाटेल.

शिमर वेगळा पडतो तो यामुळे की त्यात सुटे ठिपके दिसत नाहीत. प्रकाशाचा एकच पातळ पडदा थरथरतो आहे असे वाटले पाहिजे. चांदण्यातली खाडी शिमर करते, वाऱ्यावर हललेली पैठणी शिमर करते. वैशाखात सड्यावरच्या तापलेल्या कातळापलीकडची झाडे थरथरताना दिसतात, त्यालाही इंग्रजीत शिमरच म्हणतात, जरी तिथे परावर्तन नसून तापलेल्या हवेतून जाताना प्रकाशाचे होणारे वक्रीभवन असते. चालण्या-बोलण्यात हा शब्द इतका मऊ आहे की पत्रके लिहिणारे तो सर्रास वापरतात, आणि दुपारी बाराच्या रखरखीत समुद्रालाही तो लावतात, ते मला पटत नाही. ग्लिमर याहून क्षीण आहे. तो मिणमिणतो, आता विझेल की मग विझेल असे वाटायला लावतो. म्हणूनच इंग्रजीत आशेची धुगधुगी ‘ग्लिमर ऑफ होप’ असते. अमावास्येच्या आसपास ताऱ्यांचा जेवढा उजेड पाण्यावर उतरतो तेवढ्यालाच ग्लिमर म्हणावे. ‘आमचा ग्लिमरिंग समुद्रकिनारा’ असे लिहिणे म्हणजे किनाऱ्यावर उजेड जेमतेमच असतो असे कबूल करणे होय.

आता एक बाब, जी कोकणातल्या पत्रकांत हटकून चुकते. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी पुळणीवर उभे राहून समुद्राकडे पाहिले तर सूर्य आपल्या पाठीशी असतो. मग टिकल्यांचा पट्टा समोर येण्याचे कारणच उरत नाही आणि समुद्र सपाट निळा दिसतो. तेव्हा ‘सकाळच्या उन्हात स्पार्कल करणारा समुद्र’ हे वाक्य बहुधा पूर्व किनाऱ्यावरच्या एखाद्या पत्रकातून उसने आलेले असते. सकाळचा स्पार्कल हवा असेल तर होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाऊन तटावरून मालवणकडे, म्हणजे पूर्वेकडे, पाहावे, किंवा खाडीकाठच्या पूर्वाभिमुख अंगणात बसावे. पुळणीवरून दिसणारा स्पार्कल दुपार कलल्यानंतरचा असतो. पावसाळ्यात मळभ असताना तर चौघांपैकी एकही शब्द चालत नाही. सगळ्या आभाळातून सारखा, पसरलेला उजेड येतो, त्यामुळे पाण्यावर फार तर राखाडी शीन असते. त्या दिवसांत शब्दकोशाने समुद्र सोडून जमिनीकडे वळावे, कारण जमीन तेव्हा भिजलेली असते.

ओले, घासलेले आणि क्षणापुरते

ग्लिसन, ग्लीम आणि ग्लिंट यांतला फरक मला पुस्तकातून कळला नाही, तो आमच्या घरातली पितळी समई घासताना कळला. गणपतीच्या आधी ती माळ्यावरून खाली येते तेव्हा काळपट असते. भिजवलेल्या आमसुलांनी ती घासायची, कारण आमसुलातले आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवते. मग पाण्याने खळबळून ती ओट्यावर ठेवली की तिच्या अंगावर पाण्याचा पातळ थर आणि थेंब असतात, आणि खिडकीतला उजेड त्या थेंबांवरून येतो. हा ग्लिसन. उच्चारात मधल्या ‘टी’ला रजा आहे; ग्लिस्टन म्हणू नये. फडक्याने ती कोरडी केली की थेंब जातात, पण उजेड जात नाही. तो आता धातूवरूनच, एकसंध, शांत आणि थोडा पिवळसर येतो. हा ग्लीम. तिन्हीसांजेला वाती लावल्या, दारातून वाऱ्याची झुळूक आली, ज्योत वाकली आणि समईच्या वरच्या मोराच्या चोचीवर क्षणभर एक बारीक रेघ चमकून गेली, तर तो ग्लिंट. आणि ज्योतीचा स्वतःचा मंद उजेड हा ग्लो, जो परावर्तन नव्हेच. विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी समई पुन्हा मंदावते, तरी अगदी काळी पडत नाही. तेव्हा तिच्यावर उरते ती शीन.

ओली वस्तू चमकते याचे शास्त्रीय कारणही या निवडीला आधार देते. खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाशाचे अनियमित परावर्तन होते, तो सगळीकडे विखुरतो. पाण्याचा थर बसला की वरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि काही प्रकाश नियमित परावर्तनाने एकाच दिशेला येऊ लागतो. ओहोटीला लाट मागे फिरते तेव्हा पुळणीचा पट्टा चार-पाच क्षण आरशासारखा दिसतो आणि पाणी मुरले की पुन्हा मातकट होतो. गंमत अशी की ओली वाळू कोरडीपेक्षा गडद असते, तरी तीच ग्लिसन करते: आत शिरलेला प्रकाश कणांमध्ये अडकून शोषला जातो आणि वरच्या थरावरून आलेला मात्र थेट डोळ्यात येतो. जांभ्याचा गडगा, मंगलोरी कौले, माडाच्या झावळ्या, सुपारीच्या बागेतली पायवाट यांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत ग्लिसन हा एकच शब्द पुरतो. उन्हाळ्यात यांपैकी बहुतेक गोष्टींना कोणताच शब्द लागत नाही. कोरडा जांभा चमकत नाही आणि त्याला चमकवायचा हट्टही धरू नये.

ग्लीमसाठी मात्र घासलेली, रंगवलेली किंवा स्वभावतःच गुळगुळीत वस्तू हवी: नवी गाडी, पांढरे दात, देवघरातली भांडी, नुकताच रंग दिलेला होडीचा कठडा. त्यात काळजी घेतल्याची खूण असते. म्हणून खोलीची स्वच्छता सांगायची असेल तर ‘ग्लीमिंग’ हा शब्द यजमानाच्या बाजूने बोलतो, तर ‘ग्लिसनिंग फ्लोअर’ म्हटले की पाहुणा पाय जपून टाकतो.

शब्दयोगी अव्ययांतही फरक आहे आणि तो परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी ध्यानात घ्यावा. प्रकाश एखाद्या वस्तूवर आदळून निसटला असे सांगायचे असेल तर ग्लिंट किंवा ग्लान्सपुढे ‘ऑफ’ येतो. वस्तू कशाने चमकते हे सांगायचे असेल तर ग्लिसनपुढे ‘विथ’ येतो, जसे घामाने, दवाने, तेलाने. ‘ग्लिंट विथ’ चुकीचे नाही; पण उन्हाची ठिणगी काचेवरून निसटताना ‘ऑफ’ अधिक नेमका वाटतो.

बाजारातले बांगडे

मासळी बाजारात इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्याला घेऊन जाणाऱ्या वाटाड्यांचा हा नेहमीचा पेच आहे. ताजा बांगडा चमकतो तो कसा? माशांच्या कातडीत आणि खवल्यांत ग्वानिन या द्रव्याचे चपटे स्फटिक थराथराने रचलेले असतात आणि रुपेरी झाक त्यांच्यापासून येते. मासा वळवला की बांगड्याच्या पाठीवर हिरवा, निळा, जांभळा असे रंग सरकतात. या सरकत्या रंगांसाठी इंग्रजीत ‘इरिडेसंट’ हे विशेषण आहे आणि त्यामागे शीन जोडले की बांगडा बरोबर उभा राहतो. बर्फाचे पाणी ओघळत असेल तर ग्लिसनही चालतो. पण अख्ख्या माशाला ग्लिटर लावू नये. ग्लिटर लागतो तो तारली साफ केल्यावर पाटावर आणि कोळणीच्या हातावर चिकटून राहिलेल्या सुट्या खवल्यांना. खवले लहान असतात, वेगवेगळ्या कोनांत पडलेले असतात आणि हात हलला की एकेक करून चमकतात. ग्लिटरच्या व्याख्येला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

शीन, ग्लॉस, लस्टर

हे तिन्ही नामे आहेत आणि तिघांचा प्रकाश स्थिर आहे, त्यामुळे त्यांची सरमिसळ सर्वांत जास्त होते. ग्लॉस हा वरून चढवलेला असतो: तेलरंग, वार्निश, छायाचित्राचा कागद, ओठांचा रंग. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर लाखेचा थर चढवतात, त्याची चकाकी ग्लॉस. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीवरची झिलई स्वतः ग्लेझ आणि तिची चकाकी ग्लॉस. रंगाच्या उद्योगात ग्लॉस मोजतातही, साधारणपणे ६० अंशांच्या कोनातून. फार चकाकणाऱ्या पृष्ठभागासाठी २० आणि मंद पृष्ठभागासाठी ८५ अंश घेतात. वरवरचेपणाची छटा मात्र या शब्दाला आहे, म्हणून ‘ग्लॉस ओव्हर’ म्हणजे एखाद्या उणिवेवर पांघरूण घालणे.

शीन त्याहून मंद, पसरलेली आणि बहुधा वस्तूच्या अंगची असते: केसांची, रेशमाची, कपाळावरच्या घामाची. या शब्दाचा जुना इंग्रजी अर्थ नुसता ‘सुंदर’ असा होता आणि जर्मनमधला ‘शोन’ हा त्याचा भाऊबंद आजही तोच अर्थ बाळगून आहे. प्रकाशाचा अर्थ नंतर त्याला चिकटला. धक्क्यालगतच्या पाण्यावर बोटींच्या डिझेलचा तवंग दिसतो, त्यालाही इंग्रजीत शीन म्हणतात, आणि तिथे हा शब्द अगदी काटेकोर आहे. उत्तर समुद्रातील तेलप्रदूषणाबाबतच्या बॉन कराराने तवंगाच्या दिसण्यावरून जाडी ठरवण्याची जी श्रेणी वापरली आहे, तीत ०.०४ ते ०.३ मायक्रोमीटर जाडीच्या रुपेरी थराला शीन, ०.३ ते ५ मायक्रोमीटरला इंद्रधनुषी आणि त्यापुढे ५० मायक्रोमीटरपर्यंत धातूसारखा म्हणतात. तेव्हा बंदराचे वर्णन करताना ‘पाण्यावरची सुंदर शीन’ असे लिहिण्याआधी दोनदा विचार करावा. जाणकार पाहुणा नाक धरून उतरेल.

लस्टर हा खानदानी शब्द आहे. खनिजशास्त्रात तो पारिभाषिक असून खनिजाची चकाकी धातूसारखी, काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी की राळेसारखी हे त्यावरून नोंदवतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही पुळणींवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असते, त्याची चकाकी धातूच्या जवळ जाणारी. मोत्याला आणि जुन्या सोन्याला लस्टर शोभतो, प्रतिष्ठेलाही शोभतो. टाइल्सना आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना तो लावलेला मी वाचला आहे आणि खोडला आहे.

ग्लेअर आणि डॅझल

दोघेही डोळे दिपवतात. पण डॅझलमध्ये कौतुकाला जागा आहे, ग्लेअरमध्ये नाही. डॅझलने माणूस भारावतो, ग्लेअरने तो हाताचा आडोसा करतो. पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत येतो. पण सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आला, की शांत पाणीही साधारण ३५ टक्के प्रकाश परत फेकते. संध्याकाळी किनाऱ्याने गाडी चालवणाऱ्याला जो त्रास होतो त्याचे मूळ इथे आहे. पाण्यावरून लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश जवळपास पूर्ण ध्रुवीभूत असतो, म्हणून पोलरॉइड चष्म्याने तो अडवता येतो आणि पाण्याखालचे खडक दिसू लागतात. नौकाविहाराच्या पत्रकात पाहुण्यांना चष्मा आणायला सांगायचे असेल, तर ग्लेअर हा शब्द तिथे हवाच. फक्त सौंदर्याच्या परिच्छेदात तो नको.

डोळ्यांची गोष्ट

हे शब्द माणसाच्या डोळ्यांना लावले की अर्थ फार वेगाने पालटतो, आणि कथा किंवा मुलाखत इंग्रजीत नेणाऱ्याने इथे सर्वांत जास्त सांभाळावे. आजोबा नातवाची फिरकी घेत असतील तर त्यांच्या डोळ्यांत ट्विंकल असतो. नातवाला फणसाचे गरे दिसले की त्याच्या डोळ्यांत ग्लीम येतो, कारण त्यात हवेपणा आहे. नातू उद्या कुणाची तरी खोडी काढणार असेल, किंवा त्याचा काका भाऊबंदकीच्या दाव्यात पुढची चाल खेळणार असेल, तर तो ग्लिंट. मुंबईहून चार वर्षांनी मुलगा घरी आला आणि आईचे डोळे भरून आले, तर ते ग्लिसन करतात. नव्या नवरीचे डोळे स्पार्कल करतात, तापात फणफणलेल्या माणसाचे ग्लिटर. आणि गावच्या सभेत ठराव वाचणे सुरू झाले की सगळ्यांच्या डोळ्यांवर ग्लेझ चढते. मराठीत या सगळ्यांना ‘डोळे चमकले’ म्हणून आपण मोकळे होतो आणि बाकीचे संदर्भावर सोडतो. इंग्रजीत ती मुभा नाही.

जे परावर्तन नव्हे

पर्यटकांच्या पत्रकात अलीकडे रात्री निळसर उजळणाऱ्या लाटांचे वर्णन येऊ लागले आहे आणि तिथे शिमर, स्पार्कल, ग्लिटर असे सगळे शब्द एकदम धावून येतात. हा उजेड उसना नाही. नॉक्टिलुका सिंटिलान्स नावाचे एकपेशीय जीव पाणी हलले की स्वतः प्रकाश टाकतात. त्यांच्या लॅटिन नावाचा अर्थही ठिणग्या टाकणारा रात्रीचा दिवा असाच आहे. लाट फुटताना अंगभर पसरलेला उजेड दिसतो, त्याला ग्लो म्हणावे. पाय आपटल्यावर वाळूत सुटे ठिपके उठतात, त्यांना स्पार्कल चालेल. तारे आणि दूरच्या होड्यांवरचे दिवे यांना ट्विंकल, म्हणजे आपले लुकलुकणे, आणि इथे दोन्ही भाषांचे शब्द नेमके जुळतात. दीपगृहाच्या झोताला फ्लॅश म्हणावे. नौकानयनाच्या नकाशातही, उजेडाचा काळ अंधाराच्या काळापेक्षा कमी असेल तर त्या दिव्याला फ्लॅशिंगच म्हणतात. चंद्राचा उजेड मात्र उसनाच, आणि चंद्र आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी साधारण १२ टक्केच परत देतो. तरी इंग्रजीत चंद्र स्वतः शाइन करतो आणि त्याचे चांदणे पाण्यावर शिमर करते. पिठूर चांदण्याला इंग्रजीत एकच शब्द शोधत बसू नये, तो वेळ वाया जातो.

अगदीच अडले, तर शाइन हा शब्द कुठेही चालतो. त्याने चूक होत नाही. चित्रही उभे राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात खाडीकाठच्या एका घराचे पत्रक माझ्याकडे होते. पहिल्या मसुद्यात ‘ग्लिमरिंग क्रीक’ होते, ते मी खोडून स्पार्कलिंग केले. घरधनीण काकूंनी फोन केला आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही घातलेला शब्द चांगला असेल, पण तुम्ही आमची खाडी बघितलेली नाही. सकाळी तिच्यावर ठिपके नसतात हो, नुसता उजेड पसरलेला असतो.’’ मी सातच्या सुमारास तिथे जाऊन बसलो. वारा नव्हता, भरती पूर्ण होऊन पाणी स्तब्ध झाले होते आणि सूर्य पलीकडच्या डोंगरावर नुकताच आला होता. पाण्यावर एकही सुटा ठिपका नव्हता. काठापासून काठापर्यंत एकच गुळगुळीत, शांत पट्टा होता आणि मधूनच एखादा शेवटे मासा उडी मारून त्याला सुरकुती पाडत होता. काकूंनी चहा आणून ठेवला. पत्रकात ‘ग्लीमिंग’ छापले, आणि त्याआधी ‘भरतीच्या सकाळी’ असे शब्द घातले, कारण ओहोटीला तिथे नुसता चिखल असतो.